सायकल आपल्या मापाची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी कार्यवाह वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचे." मी म्हटले, मी काय बोलणार? तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. ते ऐकायला इथे कोण थांबेल? त्यावर त्या म्हणाल्या, "गणित नकोच. तुम्ही या वयात सायकलवरून भाजी आणता ना, त्याविषयी बोला. बायका मला विचारत असतात." आग्रह मोडवेना, म्हणून उभी आहे.

सायकल चालवण्याचे फायदे मात्र मी सांगणार नाही. ते वर्तमानपत्रांत नेहमी छापून येतात आणि ते वाचून कोणी जिन्याखालची सायकल बाहेर काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मला बोलायचे आहे ते सायकलच्या मापाविषयी. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला दहा ठिकाणची मापे देतो, खांद्यावर एक बोट इकडचे तिकडे झाले तरी परत टाकतो. आणि जिच्यावर रोज तासभर बसायचे ती सायकल मात्र दुकानातून आली तशीच वापरतो. अंग दुखू लागले की म्हणतो, आता वय झाले. मीही हेच म्हणत होते. ती हकीकत आधी सांगते.

माझे माहेर कल्याणचे. पारनाक्याजवळ आमचे बिऱ्हाड होते. १९७० च्या सुमाराला मी सायकल शिकले ती दादाच्या सायकलवर. चाके २८ इंची, फ्रेम २४ इंची, मध्ये आडवी नळी. सीटवर बसणे शक्यच नव्हते, म्हणून नळीखालून पाय घालून, एका बाजूला लोंबकळत मी दुर्गाडीच्या रस्त्याला चकरा मारी. पुढे माझी उंची वाढली ती पाच फूट एक इंचावर थांबली. सायकल होती तेवढीच राहिली. सीट अगदी नळीला टेकवली, तरी पायडल खाली गेले की पाय सुटत असे, आणि ते पकडायला मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुके. आई म्हणे, "ही सायकल चालवत नाही, झोके घेते." त्या काळी पुष्कळ मुली अशाच शिकल्या. सायकल घरातल्या पुरुषाच्या मापाने घ्यायची आणि बाकीच्यांनी तिला जमवून घ्यायचे, ही रीतच होती.

लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि सायकल सुटली. शाळा ठाण्याला. लोकल, घर, मुले यांत तीस वर्षे कशी गेली ते तुम्हाला सांगायला नको. २०१६ साली निवृत्त झाले आणि पहिल्याच महिन्यात हट्टाने एक लेडीज सायकल विकत घेतली. ह्यांनी विचारले, "झेपेल का?" मी म्हटले, बघू. दुकानदार भला माणूस होता. त्याने मला सीटवर बसवले, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकेपर्यंत सीट खाली केली आणि म्हणाला, "बघा काकू, आता पडायची भीतीच नाही." मलाही ते पटले.

महिनाभर एम.आय.डी.सी.च्या निवासी भागातल्या रस्त्यांवर रोज सकाळी फिरले. दुसऱ्या महिन्यात गुडघे दुखू लागले, वाटीच्या अगदी पुढच्या बाजूला. आमच्या डॉक्टरांनी वय विचारले, गुडघा दाबून पाहिला आणि जिने कमी करायला सांगितले. सायकल कोणत्या मापाची आहे हे त्यांनी विचारले नाही; मला तरी सांगायचे कुठे सुचले? सायकल जिन्याखाली गेली. आठ महिने तिच्या कॅरियरवर रद्दी ठेवली जात होती.

एका रविवारी माझी भाची ठाण्याहून आली. ती दर आठवड्याला सायकलने येऊर चढणाऱ्यांपैकी. तिने रद्दी उतरवली आणि म्हणाली, "मावशी, बस पाहू." मी बसले, दोन पायडले मारली आणि ती हसू लागली. "तू सायकल चालवत नाहीस, उकिडवी बसून जाते ओढते आहेस." तिने वाण्याच्या शेजारच्या सायकलवाल्याकडून तेरा-चौदाचा पाना आणला आणि सीट चांगली अडीच इंच वर केली. मी घाबरले. पण त्या दिवसापासून गुडघ्यांचे जे दुखणे कमी होत गेले, ते तीन आठवड्यांत सायकलवर तरी जाणवेनासे झाले. जिना चढताना ते अजून एखादे दिवशी कुरकुरतात, ते खोटे कशाला सांगू? पण ते सायकलचे नव्हे.

ह्याचे कारण सोपे आहे. गुडघा जितका जास्त दुमडलेला असताना त्यावर जोर द्यावा, तितकी त्याची वाटी आतल्या हाडावर जास्त दाबली जाते. उकिडवे बसलेले असताना हात न टेकता उठून पाहा, म्हणजे कळेल. सीट खाली असली की पायडलाच्या प्रत्येक फेऱ्यात आपण ते अर्धे उकिडवे बसणे आणि उठणे करीत असतो, आणि पायडले मिनिटाला पन्नास-साठ वेळा फिरतात. तेव्हा दुखणे वाटीच्या पुढे असेल तर सीट खाली आहे असे आधी समजावे. उलट गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी होत असेल, किंवा मागून पाहणाऱ्याला कंबर दोन्ही बाजूंना डोलताना दिसत असेल, तर सीट जास्त वर आहे. माझे लहानपणचे झोके हे त्या दुसऱ्या जातीचे.

माप कसे घ्यावे? सायकल भिंतीला लावून उभी करा, किंवा कोणाला तरी कॅरियर धरायला सांगा. ज्या चपला-बूट घालून सायकल चालवता तेच घाला. सीटवर सरळ बसा, एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. टाच ठेवल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. पण तो सरळ करायला कंबर एका बाजूला कलू नये. हेच माप. मग पाय नेहमीसारखा, म्हणजे बोटांच्या मागचा रुंद भाग पायडलाच्या मध्यावर येईल असा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. तेवढाच हवा.

मी गणिताची बाई, माझे एवढ्याने कसे भागेल? इंग्लंडात लफबरो येथे हॅम्ली आणि थॉमस या दोघांनी १९६७ साली प्रयोग करून एक हिशेब मांडला. पायाच्या आतल्या बाजूची लांबी, जमिनीपासून जांघेपर्यंत, मोजावी. तिच्या १०९ टक्के अंतर खालच्या पायडलापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे. माझी लांबी ७० सेंटिमीटर, म्हणजे उत्तर ७६ सेंटिमीटर आणि वर थोडे. टाचेच्या रीतीने माझे ७४ भरले. मी ७४ वरच राहिले. त्या दोघांना पाहायचे होते की कमी श्रमात जास्त काम कसे निघेल. मला मानपाडा रोडवर रिक्षांच्या मधून निघायचे असते. दोन सेंटिमीटर कमी असले की मन निर्धास्त राहते.

आता तुमची शंका मला ठाऊक आहे. सीट इतकी वर नेली तर थांबायचे कसे? पाय पोचणार नाहीत, पडू. हीच ती भीती, जिच्यापायी आपल्या सगळ्यांच्या सीटा खाली राहतात. अहो, सीटवर बसून थांबायचेच नसते. थांबताना ब्रेक दाबत दाबत सीटवरून पुढे उतरायचे, एक पाय जमिनीवर, दुसरा खालच्या पायडलावर. निघताना एक पायडल वर घ्यायचे, त्यावर उभे राहिल्यासारखे करून सायकल चालू झाली की सीटवर बसायचे. लेडीज सायकलला मध्ये आडवी नळी नसते ती ह्याच सोयीची आहे. माझ्या भाचीने मला हे सोसायटीच्या आवारात दोन संध्याकाळी शिकवले, मुले पाहत होती, हसतही होती. ज्यांना एकदम धीर होत नाही त्यांनी सीट दर आठवड्याला एक सेंटिमीटर वर न्यावी. वर नेताना सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसू लागली की थांबावे, त्याच्या पलीकडे दांडा आत पुरेसा राहत नाही आणि मोडण्याची भीती असते.

गुडघ्याचे एवढे पुरे. आता हातांचे सांगते, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई येतात. पहाटे साडेपाचला घरून निघतात, पाच घरे करतात. पायी त्यांना तीन घरे होत. मुलाने नवी गाडी घेतल्यावर त्याची जुनी सायकल त्यांना मिळाली आणि तीनाची पाच घरे झाली. दोन घरांचे पैसे म्हणजे धाकटीची कॉलेजची फी. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमाराला त्यांची करंगळी आणि शेजारचे बोट, दोन्ही हातांची, बधिर होऊ लागली. लाटणे हातात धरवेना, पोळी एका बाजूला जाड होऊ लागली. एका घरातून त्याबद्दल बोलणे खाल्ले. मला म्हणाल्या, "ताई, दोन घरे सोडते आता. हात गेले माझे." कोणी त्यांना मानेचा मणका सांगितला होता, कोणी वाताचे तेल दिले होते.

मी म्हटले, सायकल दाखवा. खाली जाऊन पाहते तो काय, मुलाने आपल्या हौशीने सीटचे टोक पुढे चांगले दोन बोटे झुकवलेले, आणि हँडल सरळ दांड्याचे, सीटपेक्षा खाली. त्यावर बसले की माणूस पुढे घसरतो, आणि घसरू नये म्हणून सगळा भार तळहातांवर घेतो. करंगळीच्या बाजूने तळहाताच्या उशीतून एक शीर जाते; तिच्यावरच तो भार पडतो. दिवसातून सहा-सात वेळा, खड्ड्यांच्या रस्त्याने! बोटे बधिर होतील नाही तर काय?

आधी सीट सपाट केली. सपाट आहे की नाही हे पाहायला गवंड्याकडचे यंत्र लागत नाही. सीटवर एक लांब वही ठेवावी आणि ती जमिनीशी समांतर दिसते का ते लांबून पाहावे. मग सीट रुळावर थोडी पुढे सरकवली. त्याचीही एक रीत आहे. दोन्ही पायडले आडव्या रेषेत आणून बसावे, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडावा, त्याला एक किल्ली बांधावी. किल्ली पायडलाच्या मध्याच्या आसपास लोंबावी. फार मागे लोंबली तर सीट पुढे घ्यावी, फार पुढे लोंबली तर मागे. हे काही ब्रह्मवाक्य नव्हे, पण सुरुवातीला उपयोगी पडते.

मग हँडल. ह्या जुन्या धर्तीच्या सायकलींना हँडलच्या मानेवर मधोमध एक लांब बोल्ट असतो. तो दोन-तीन फेरे सैल करायचा, काढायचा नाही. त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने एक टोला द्यायचा. आत अडकलेली पाचर सुटते आणि मान वर ओढता येते. इथेही कमीत कमी किती आत राहिली पाहिजे त्याची खूण असते, ती सांभाळायची. पुन्हा घट्ट केल्यावर पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहायचे. फिरले तर अजून घट्ट करायचे. ही परीक्षा केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. आणि ज्यांच्या घरी अजून सळ्यांच्या ब्रेकची काळी सायकल आहे त्यांनी हे घरी करू नये, कारण हँडल वर गेले की ब्रेकची सळईही ओढली जाते. ती नव्याने जुळवायला सायकलवाल्याकडेच जावे.

बाईंचे हँडल सीटच्या वर दोन बोटे आणले, कोपरात थोडा बाक राहील इतके जवळ. ब्रेकचा दांडा त्यांच्या बोटांना लांब पडत होता, तोही मुठीजवळचा लहान स्क्रू फिरवून जवळ घेतला. बायकांचे हात लहान, दांडे मोठ्या पंजाचे. पुष्कळशा सायकलींवर तो स्क्रू असतो आणि कोणी तो फिरवत नाही. सगळे मिळून अर्धा तास लागला. बोटे पूर्ववत व्हायला मात्र दीड-दोन महिने लागले, दबलेली शीर लगेच उठत नाही. बाईंची पाच घरे आजही चालू आहेत. एक सांगून ठेवते: सायकल बंद ठेवूनही बोटांचा बधिरपणा राहिला, किंवा पकडच गेली, तर पान्याने काही होणार नाही, डॉक्टरांकडेच जायला हवे.

आता सीटविषयी. हे मी पुरुषांच्या सभेत बोलले नसते, पण इथे आपणच आहोत. सायकलवर बसून नाजूक जागी दुखते, सोलवटते, आणि ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून कितीतरी जणी गुपचूप सायकल सोडून देतात. आपल्याला वाटते, सीट मऊ हवी. म्हणून वरून जाड उशीचे कव्हर घालतो. त्याने उलटेच होते. बसताना भार पडायला हवा तो खालच्या दोन हाडांवर. उशी फार मऊ असली की हाडे तिच्यात बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. बायकांची ती दोन हाडे साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, तेव्हा अरुंद सीटवर ती कडेच्या बाहेरच राहतात. हे अंतर घरी मोजता येते. पार्सलच्या खोक्याचा नागमोडी पुठ्ठा घ्या, पायरीवर किंवा कडक स्टुलावर ठेवून त्यावर दोन मिनिटे बसा, गुडघे थोडे वर घेऊन. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. माझे १३ सेंटिमीटर भरले. आपल्यासारखे ताठ बसून चालवणाऱ्यांना सीट त्याहून तीन-चार सेंटिमीटर रुंद असावी, बेताची टणक, खाली स्प्रिंगा असल्या तर उत्तम. मी हा पुठ्ठा पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानातला मुलगा लाजला. मी नाही लाजले.

साडीचे विचारतात म्हणून सांगते. मागच्या चाकाला जाळी आणि चेनवर पूर्ण झाकण असेल तर नऊवारी काय आणि पाचवारी काय, अडत नाही. पदर मात्र कमरेला खोचलेला हवा आणि ओढणीला गाठ. शिवाय साडी नेसून माप घेतले तर साडी नेसूनच चालवून पाहा. साडीत पाऊल तेवढे सुटे पडत नाही.

ही मापाची गोष्ट नवी नाही. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, चेनची सायकल बाजारात आणली, त्यापूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलवर झग्यातल्या बाईला चढणेच शक्य नव्हते. १८८८ साली डनलॉप यांची हवेची धाव आली आणि बायका सायकलवर बसू लागल्या. लगेच तिकडच्या काही डॉक्टरांनी लिहिले की सायकल चालवून बायकांचा चेहरा कायमचा बिघडतो! अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलार्ड, दारूबंदीच्या चळवळीच्या पुढारी, त्या काळात वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या सायकलचे नाव त्यांनी ग्लॅडिस ठेवले होते. माझ्या सायकलचे नाव अजून ठेवलेले नाही.

इतक्या लांब जायलाही नको. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरतेची मोहीम झाली, तेव्हा कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची असे ठरवले. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाडीच्या सेविका. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच पसंत पडल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. मला त्यातली ती नळीची गोष्ट फार आवडते. माझ्या लहानपणी जी नळी माझ्या आड आली, तीच त्या बायांनी कामाला लावली.

माझ्या शाळेच्या सायकल-स्टँडवर मी वर्षानुवर्षे पाहिले आहे: आठवीत घेतलेली सायकल दहावीपर्यंत चालते, मुलगी चार-पाच इंच उंच होते, सीट मात्र पहिल्या दिवशी होती तिथेच. गणिताच्या तासाला पाय चोळत बसणाऱ्या मुलींना मी अभ्यास केला का म्हणून विचारत होते. आज वाटते, पाना घेऊन एकदा खाली उतरले असते तर बरे झाले असते. तुमच्या घरात वाढत्या वयाच्या मुली-नाती असतील तर परीक्षा संपल्या की आणि शाळा सुरू झाली की, अशी वर्षातून दोनदा सीट पाहत जा.

वेळ फार घेतला. चहा तयार असल्याचे कार्यवाह वहिनी मघापासून खुणावत आहेत. मी माझी सायकल खाली गणपतीच्या कट्ट्याशी उभी केली आहे, पिशवीत तेरा-चौदाचा पाना आहे, दोरा, किल्ली आणि दोन-तीन पुठ्ठेही आणले आहेत. चौघी-पाचजणी आज सायकलने आल्या आहेत असे मला येतानाच दिसले. त्यातल्या निळ्या सायकलची सीट फारच खाली आहे. ती कोणाची असेल त्यांनी चहा घेऊन आधी खाली यावे, काळोख पडायला अजून अर्धा तास आहे.